प्लग-इन हायब्रिडचं ऑइल किलोमीटर बघून बदलायचं की महिने?

सातपूरकर
पेट्रोल प्लग-इन हायब्रिड आहे, म्हणजे चार्ज करायची बॅटरी आणि पेट्रोल इंजिन दोन्ही. रोज कॉलेज रोड ते सातपूर एमआयडीसी, सगळं बॅटरीवर. दोन-तीन महिन्यांतून एक मुंबई फेरी. वर्षात ६,००० किमी झाले, त्यात इंजिनवर दीड हजारही नसतील. मॅन्युअल म्हणतं १०,००० किमी किंवा १ वर्ष. एवढं कमी वापरलेलं ऑइल बदलायचंच का?

वंगण
बदलायचंच, आणि तारीख बघून. वर्ष म्हणजे वर्ष.

तुमच्या वापरात ऑइल झिजत नाही, ते पातळ होतं. इंजिन मध्येच दोन-चार मिनिटं चालतं आणि बंद पडतं. थंड सिलिंडरमध्ये पेट्रोल जास्त सोडलं जातं, त्यातलं न जळलेलं पिस्टनच्या रिंगांवरून खाली संपमध्ये, म्हणजे ऑइल साठतं त्या तळाच्या टाकीत, उतरतं. ज्वलनातून आलेली वाफही तिथेच थिजते. ऑइल ९०-१०० अंशांपर्यंत तापून थोडा वेळ तसंच राहिलं तरच हे दोन्ही उडून जातं. ई२० पेट्रोलमधलं इथेनॉल थंडीत नीट बाष्प होत नाही आणि पाणीही ओढतं, त्यामुळे हिवाळ्यात जास्त जपा.

तपासायला गाडी सपाट जागेवर घ्या, इंजिन गरम करून बंद करा, १० मिनिटं थांबा. डिपस्टिकवर पातळी 'मॅक्स'च्या वर सरकली असेल किंवा पेट्रोलचा वास येत असेल, तर वर्षाची वाट बघू नका. पातळी वाढली म्हणजे ऑइल खात नाही, असा समज करून घेणं महागात पडतं. झाकणाखाली सायीसारखा पिवळट थर दिसला तर ते पाणी. लांब फेरीनंतरही तो जात नसेल तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) ऑइलमध्ये गळत असू शकतं, त्याची पातळी लगेच बघा.

सातपूरकर
मग रोज पाच मिनिटं इंजिन चालू ठेवलं तर?

वंगण
अजिबात नको, त्याने उलट भर पडते. पंधरवड्यातून एकदा चार्ज मोड (इंजिन बॅटरी भरतं) किंवा सेव्ह मोड (बॅटरी राखून इंजिन चालतं) लावून हायवेवर सलग ३०-४० मिनिटं चालवा.

घाटमाथा
मुंबईहून परतताना बॅटरीवर कसारा घाट चढायला घेऊ नका. चढावर जोर मागितला की थंड इंजिन एकदम वरच्या आरपीएमवर जातं, तेव्हा बेअरिंगपर्यंत ऑइल पुरतं तापलेलं नसतं. शहापूरलाच सेव्ह मोड लावा.

ऑइलचा ग्रेड (जाडपणाचा आकडा) मॅन्युअलमधलाच घ्या. ०डब्ल्यू-२० लिहिलं असेल तर 'आपल्याकडे ऊन फार' म्हणून २०डब्ल्यू-५० टाकून देणाऱ्याचं ऐकू नका. सारखं थंड सुरू होणाऱ्या इंजिनात जाड ऑइल वर पोचायला वेळ लावतं.

बदलताना फिल्टर आणि ड्रेन प्लगचं वॉशर दोन्ही नवं. मॅन्युअलमधल्या 'फिल्टरसह' आकड्यापेक्षा अर्धा लिटर कमी भरा, इंजिन चालवून बंद करा, मग बघून उरलेलं घाला. काम सुरू करण्याआधी गाडी 'रेडी'तून (चालायला तयार स्थितीतून) बाहेर काढून चावी लांब ठेवा, नाहीतर इंजिन आपोआप सुरू होऊ शकतं. नारिंगी केबल हाय-व्होल्टेजच्या, त्यांना हात लावायचा नाही.

बिलावर तारीख आणि किमी दोन्ही लिहून घ्या, वॉरंटीला तेच विचारतात.