मदत हवी आहे : क्लस्टर की पॅरॉक्सिस्मल हेमिक्रेनिया?

एका बाजूच्या डोकेदुखीच्या या दोन प्रकारांपैकी कोणता, ते ठरत नाही. पुरुष, वय ४१. कायम उजव्याच डोळ्यामागे असह्य कळ, त्याच बाजूचा डोळा लाल, पाणी, नाक चोंदणं. झटका आला की पडून राहत नाही, येरझाऱ्या घालतो. (आधी दातांचं दुखणं समजून दोन दाढा काढल्या गेल्या, नेहमीचंच.)

अडचण वेळेची आहे. डायरीप्रमाणे झटका २० ते ३० मिनिटं, दिवसाला ६-७. आयसीएचडी-३ (डोकेदुखीचं आंतरराष्ट्रीय वर्गीकरण) प्रमाणे क्लस्टर १५ ते १८० मिनिटं, दिवसाला ८ पर्यंत. हेमिक्रेनिया २ ते ३० मिनिटं, दिवसाला ५ पेक्षा जास्त. म्हणजे हा दोन्हीकडे बसतो. झटके क्लस्टरसारखे रात्री ठरावीक वेळी येत नाहीत.

पिट्यूटरी ग्रंथीसह मेंदूचा एमआरआय नॉर्मल. नॉन-रीब्रीदर मास्कने १२ लिटर ऑक्सिजन (क्लस्टरवरचा उपाय) १५ मिनिटं दिला, पण झटका तसाही पंचवीसेक मिनिटांत ओसरतो, त्यामुळे गुण आला म्हणवत नाही. इंडोमेथॅसिन (याने पूर्ण गुण आला तरच हेमिक्रेनिया ठरतो) ७५ मिग्रॅ चारच दिवस, अर्धवट फरक. हा डोस चाचणी म्हणून धरतच नाही. सध्या व्हेरापामिल (क्लस्टरचे झटके टाळण्याचं औषध) २४० मिग्रॅ, ईसीजी ठीक. अल्सर नाही, क्रिएटिनिन नॉर्मल.

आता पोट सांभाळायला पँटोप्राझोलच्या आडोशाने इंडोमेथॅसिन १५० आणि गरज पडल्यास २२५ मिग्रॅपर्यंत न्यायचं आहे. व्हेरापामिल आधी उतरवून थांबवावं, की डोस स्थिर ठेवून चाचणी केली तरी निष्कर्ष ग्राह्य धरता?

दुसरं : १४ महिन्यांत एकच वेदनामुक्त काळ, १० आठवड्यांचा, तोही व्हेरापामिलवर. क्लस्टरच ठरलं, तर क्रॉनिक (वर्षभर तरी खंड नाही, किंवा तीन महिन्यांहून कमी) लिहाल का?