तुमच्या घरातला फौजी: आठवणी आणि अनुभव

कोरेगावची_लेक

काल गल्लीत भंगारवाल्याच्या हातगाडीवर काळी पत्र्याची ट्रंक दिसली. पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव, खाली 'मराठा एल. आय.', म्हणजे मराठा लाइट इन्फंट्री. नाव अर्धं खरवडलेलं. भंगारवाल्याला विचारलं कुणाची, तर म्हणाला, "ताई, घेताय का? कुलूप चांगलंय."

आमच्याकडे अशीच एक ट्रंक १९८७ साली आली. दिवाळीच्या तोंडावर तार आली होती, दिवाळीनंतर पलटणीतले दोघं जण ट्रंक आणि अस्थी घेऊन आले. काकाला तिकडेच अग्नी दिला होता. ट्रंकेत दोन गणवेश, दाढीचं सामान, पासबुक आणि काकीसाठी घेतलेली साडी, दुकानाच्या कागदासकट.

काका श्रीलंकेत गेला. आता हे वेगळं सांगावं लागतं. जुलै १९८७ मध्ये भारत-श्रीलंका करार झाला, आपली फौज शांतिसेना म्हणून गेली आणि ऑक्टोबरात जाफन्यात एलटीटीईच्या तमिळ बंडखोरांशीच लढाई जुंपली. मार्च १९९० मध्ये फौज परत आली तोवर अकराशेच्या वर जवान गेले होते. आजोबा सकाळी सात पाचच्या बातम्यांना रेडिओला कान लावून बसायचे. जाफन्याचं नाव आलं की हात वर करायचे, म्हणजे सगळ्यांनी गप्प बसायचं.

काकीला दर सव्वीस जानेवारीला शाळेत बोलावतात. शाल, नारळ, गुलाबाचं फूल. आणि निवेदक दरवर्षी माइकवरून सांगतो, "कारगिलमध्ये धारातीर्थी पडलेले आपल्या गावचे सुपुत्र..." काकी उठते, नारळ घेते, खाली बसते. मी एकदा म्हटलं, अगं सांग की त्यांना. तर म्हणाली, "डोंगरात गेला काय नि समुद्रापल्याड गेला काय, नारळ त्योच हाय." वर म्हणाली, "त्या मास्तरचा जलम कारगिलच्या टायमाचा, त्येला काय ठावं."

तर लिहा. घरातला, भावकीतला, शेजारचा फौजी. लढाईच पाहिजे असं नाही. रजेवर येताना काय आणायचा, पत्रात काय लिहायचा, पेन्शन आल्यावर घरात कुणाला कसं हैराण केलं, काहीही. आणि जे परत आले नाहीत त्यांच्याबद्दलही.

डबेवाली_बाई

डबे भरता भरता वाचलं. साडीपाशी थांबले. संध्याकाळी लिहिते, आता बस चुकेल.

मिरजेचा_पप्या

आमचे आजोबा ईएमईत, म्हणजे फौजेची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात होते, हवालदार म्हणून पेन्शन आले. घरात सगळ्यांनी पाच वाजता उठायचं. आजीनं पहिल्या आठवड्यात सांगितलं, तुमची पलटण तिकडं, इथं मी सुभेदार.
फौजी कँटीनच्या रमचा कोटा हा आमच्या भावकीतला सगळ्यात मोठा राजकीय प्रश्न होता. आजोबा स्वतः थेंब घ्यायचे नाहीत. त्यामुळे महिन्याच्या सुरुवातीला कोण कोण "सहज पाया पडायला" यायचं ते विचारू नका.

सुभाष_नाना

@पप्या, पाया पडणाऱ्यांत मी पण असणार. आमच्या गल्लीतपण एक हवालदार होते 😄

अपशिंगेकर

आमच्या गावाचं नावच अपशिंगे मिलिटरी आहे, सातारा तालुक्यात. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जण कामी आले. त्याचं इंग्रजांनी उभारलेलं स्मारक गावात आहे. नंतर दुसरं महायुद्ध, ६२, ६५, ७१, प्रत्येक ठिकाणी गावातलं कुणी ना कुणी आहेच. बाहेरचे लोक आले की अभिमान, परंपरा, रक्तातच आहे वगैरे बोलतात. आहेच. पण माझे चुलत आजोबा म्हणायचे, रक्तात काय नव्हतं, रानात पाणी नव्हतं. जिराईत जमीन, चार भाऊ, एकानं गेलंच पाहिजे. मनीऑर्डर यायची तेव्हा घरात चूल पेटायची. दोन्ही खरं आहे असं मला वाटतं.

गावात पोरं अजून पहाटे रस्त्यावर पळतात. परवाच एक चिंटू पडला, गुडघा फोडून घेतला, आई ओरडतीय आणि हा विचारतोय, यानं भरतीला अडतंय का?

वृषाली_के

आजीला सगळे चिडवायचे. तिच्या फौजी लेकाचा पत्ता असायचा 'मार्फत ५६ एपीओ'. तिला वाटायचं हे गाव आहे. काश्मीरला बर्फ पडला अशी बातमी आली की म्हणायची, बरं झालं माझा लेक छप्पनला आहे. फौज कुठे आहे ते कळू नये म्हणून तो पत्ता असतो हे तिला कुणीच सांगितलं नाही. आजोबा म्हणाले, राहू दे, झोप तरी लागते तिला.

थेम्सकाठी

इंग्लंडमधून लिहितोय, लंचटाइम आहे. पणजोबा पहिल्या महायुद्धात ११७ मराठा पलटणीत, मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. कुत अल अमाराच्या वेढ्यात होते. डिसेंबर १९१५ पासून अडकले आणि २९ एप्रिल १९१६ ला सगळ्या फौजेनं शरणागती पत्करली. धान्य संपलं तेव्हा घोडे कापायची वेळ आली आणि आपल्यातले बरेच जण ते खायला तयार नव्हते. नंतर कैदेत नेलं, तिकडेच कुठेतरी गेले. आमच्याकडे एवढंच माहीत होतं की "बसऱ्याला गेला".

इथे आल्यावर शोधाशोध केली. बसऱ्याच्या स्मारकावर चाळीस हजारांच्या वर लोकांची नोंद, पण भारतीयांपैकी नावं कोरली ती अधिकाऱ्यांची. शिपायांच्या वाट्याला पलटणीचं नाव आणि पुढे आकडा. गोऱ्या शिपायांची नावं मात्र आहेत. २०२१ मध्ये राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगानं अहवाल काढून हा भेदभाव कबूल केला, माफी मागितली. वडिलांना फोनवर वाचून दाखवलं. ते म्हणाले, "आकड्यात धरलं होतं ना?" एवढं बोलून त्यांनी क्रिकेटचा स्कोअर विचारला.

मीनल_ठाणे

@थेम्सकाठी, आमच्या आजेसासऱ्यांचं कसं शोधायचं? दुसरं महायुद्ध, इटली, एवढंच माहीत आहे. नंबर नाही.

थेम्सकाठी

युद्धात गेले असतील तर आयोगाच्या संकेतस्थळावर नावानं फुकट शोधता येतं. आडनावाचं स्पेलिंग चार प्रकारे टाकून बघा, इंग्रज कारकुनानं काय ऐकलं असेल त्याचा नेम नाही. परत आले असतील तर घरातलं डिस्चार्ज बुक शोधा.

माजी_सुभेदार

मराठा पलटणीचे असतील तर रेकॉर्ड ऑफिस बेळगावला. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून अर्ज करा, ते मार्ग सांगतील. नंबर नसला तरी गाव, तालुका, भरतीचं साल लिहा.

कुंदाप्रेमी

बेळगावला जाताय तर येताना कुंदा आणा 🙏

मीनल_ठाणे

@माजी_सुभेदार धन्यवाद काका.
@कुंदाप्रेमी 😂 आधी अर्ज तरी करू द्या

रायगडची_पोर

इटलीचा विषय निघालाय म्हणून. आमच्या माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे. १० जुलै १९४४, वय २२. त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे मशीनगनच्या माऱ्यात पडले. हे एकटे धावत गेले, बॉम्ब टाकला, मग गोळ्या झाडल्या. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्यानं झोडपलं. तिथेच शत्रूच्या गोळीनं गेले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. देह सापडला नाही, नाव कसिनोच्या स्मारकावर आहे.

माणगावात त्यांचा पुतळा आहे. आम्ही कॉलेजात रोज त्याच्यासमोर वडापाव खायचो. २०२३ मध्ये इटलीत मोंतोने गावात त्यांच्या नावाचं सनडायल (सूर्यघड्याळ) स्मारक झालं. बातमी वाचून आमच्या ग्रुपवर एक जण विचारतो, हे आपल्या एसटी स्टँडकडचेच ना?

पुणेरी_पाटी

आमचंही तसंच. घोरपडीच्या युद्धस्मारकात लहानपणी दर मे महिन्यात जायचो, मिग विमान बघायला. लोकवर्गणीतून १९९८ मध्ये उभं राहिलेलं स्मारक आहे ते. बाबा नावं वाचत उभे राहायचे आणि आम्ही "बाबा चला ना आइस्क्रीम". बाबा स्वतः फौजी नव्हते, पोस्टात होते. तारा त्यांच्या हातून गेल्या होत्या. ७१ मध्ये डिसेंबरात एका वाड्यात तार द्यायला गेलेला पोस्टमन तार न देताच परत आला, माझ्याच्यानं होत नाही म्हणाला. मग बाबा गेले. त्या घरी काय झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. नंतर मात्र दर दिवाळीला त्या वाड्यात फराळाचा डबा जायचा. आम्हाला वाटायचं नातेवाईकच आहेत.

डबेवाली_बाई

आले बसमध्ये. माझा मामा नेव्हीत होता, पण खुकरी या युद्धनौकेवर नव्हता, थोडक्यात बदली चुकली. ९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडीनं बुडवली. १८ अधिकारी, १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन मुल्ला जहाजावरून उतरलेच नाहीत. मामाच्या कॉलनीत एका रात्रीत कितीतरी घरांत दिवे लागले आणि ते विझलेच नाहीत असं मामी सांगते. मामा आयुष्यभर एक वाक्य म्हणायचा, माझी बर्थ दुसऱ्या कुणीतरी घेतली. दीवला फिरायला गेलो तेव्हा तिथे स्मारक आहे, काचेत जहाजाची प्रतिकृती. पोरं सेल्फी काढत होती. मामा काही बोलला नाही, उलट त्यांचा फोन घेऊन सगळ्यांचा फोटो काढून दिला.
स्टॉप आला

वकीलीणबाई

@कोरेगावची_लेक, तुमच्या काकी तेव्हा कितीच्या असतील? खासगी असेल तर सोडा. विचारते कारण अशा मुलींना "दिराशी लाव" हा सल्ला हमखास असायचा. त्याला सरकारी कागदाचाही आधार होता. शौर्यपदकाचा भत्ता विधवेनं दुसरं लग्न केलं की बंद, फक्त दिवंगत नवऱ्याच्या भावाशी केलं तर चालू. ही अट काढायला २०१७ उजाडलं.
त्याच वर्षी सप्टेंबरात स्वाती महाडिक चेन्नईच्या अकादमीतून लेफ्टनंट होऊन बाहेर पडल्या. त्यांचे पती कर्नल संतोष महाडिक, साताऱ्याचे, नोव्हेंबर २०१५ मध्ये काश्मीरात कुपवाड्याला लढताना गेले होते.

कोरेगावची_लेक

@वकीलीणबाई, तेविशीची. सल्ला झाला होता. तो दीर म्हणजे माझे वडील, तेव्हा दहावीत! काकीनं लाटणं घेतलं होतं म्हणे हातात. पुढे तिनं अंगणवाडीत नोकरी केली. बाबा आजही तिला घाबरतात.

मिरजेचा_पप्या

काकींना माझा कडक सॅल्यूट 🫡

चष्मेबद्दूर

थोडं वेगळं बोलतो. सात डिसेंबरचा ध्वजदिन, म्हणजे आजी-माजी सैनिकांसाठी निधी गोळा करायचा दिवस, १९४९ पासून आहे. शाळेत स्टिकर वाटतात, पैसे गोळा करतात, कुणीही पोरांना सांगत नाही कशासाठी. आम्ही ते स्टिकर कंपासपेटीवर लावायचो. आणि हेच माजी सैनिक नंतर सोसायटीच्या गेटवर खुर्ची टाकून बसतात, तेव्हा आपण "ए वॉचमन" म्हणतो. आमच्याच सोसायटीत ऐकलंय.

फिजिओ_अ

इंटर्न असताना खडकीच्या पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरमध्ये जायचे. १९७४ पासूनचं आहे. मणक्याला गोळी लागलेले, अपघातात पडलेले, आयुष्यभर व्हीलचेअर. तोंडात कुंचला धरून चित्रं काढणारे आहेत. बास्केटबॉल तर असा खेळतात की मी बाजूला उभी राहायलाही घाबरायचे. एका काकांना मी पहिल्या दिवशी हळवी होऊन काहीतरी बोलले. ते म्हणाले, "बाळ, रडायचं असेल तर त्या खोलीत. इथं व्यायाम." मुरलीकांत पेटकरांचं नाव तिथे सगळ्यांच्या तोंडी. ६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, १९७२ ला हायडलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्यात सुवर्ण. इस्लामपूरकडचे.

मिरजेचा_पप्या

पेटकर ईएमईचेच! आजोबांनी हे वाचून दोन पेग जास्तीचे वाटले असते.

माजी_सुभेदार

टायपिंग जमत नाही, नातू लिहितोय, मी सांगतोय.
मी सियाचीनला होतो. तिथं गोळीपेक्षा बर्फानं जास्त माणसं नेली. चालताना एकमेकांना दोरानं बांधून चालायचं, एक खड्ड्यात गेला तर बाकीच्यांनी ओढायचा. आमच्यातला एक कोकणातला होता. दोर कामी आला नाही. नाव इथं लिहीत नाही, त्याच्या घरच्यांना विचारलेलं नाही.
रजेवर आलो तेव्हा आधी त्याच्या घरी गेलो. म्हटलं काय बोलायचं? मोठं भाषण पाठ केलं होतं, देशासाठी वगैरे. त्याच्या आईनं पाट मांडला, ताट वाढलं. मी दोन घास खाल्ले तेव्हा विचारलं, "त्या दिवशी जेवला होता का?" मी म्हटलं हो, खिचडी खाल्ली, वर माझ्यातली पण घेतली. तेवढंच विचारलं. मग मला आग्रह करकरून भात वाढला.
खिचडीचं खरं होतं. लोकांना वाटतं आम्ही असलं खोटं बोलतो.
अजून जातो. आता आई नाही, भाऊ आहे. काजू देतो पिशवीभर.
@चष्मेबद्दूर, मी पण गेटवर नोकरी केली. ती लाज नाही. पगार वेळेवर नव्हता, ती लाज, आणि ती माझी नाही.

चष्मेबद्दूर

काका, नमस्कार घ्या.

वृषाली_के

ऑफिसात बसून रडतेय आणि बाजूची विचारतेय अप्रेझल झालं का

नवी_दिल्लीकर

@कोरेगावची_लेक, इंडिया गेटजवळचं राष्ट्रीय युद्धस्मारक पाहिलंत का? फेब्रुवारी २०१९ ला खुलं झालं. त्यागचक्रात ग्रॅनाइटच्या भिंती आहेत, पंचवीस हजारांच्या वर नावं. श्रीलंकेतल्या ऑपरेशन पवनचे जवानही त्यात आहेत. तिथल्या स्क्रीनवर शोधलं की नाव कुठल्या भिंतीवर ते कळतं. मी दहा मिनिटांवर राहते. नाव आणि पलटण मेसेज करा, रविवारी फोटो काढून पाठवते.

कोरेगावची_लेक

केला मेसेज. काकीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, नाव नीट लिहिलंय का बघायला सांग, पेन्शनच्या कागदावर वडलांचं नाव चुकीचं पडलं होतं ते निस्तरायला जन्म गेला.
आणि हो, फोटोची प्रिंट काढून मास्तरांना देणार म्हणतेय, खाली 'श्रीलंका' असं ठळक लिहून.

माजी_सुभेदार

'ऑपरेशन पवन, १९८७' लिहा. नुसतं श्रीलंका लिहिलं तर तो क्रिकेटचं समजेल.
काकींना विचारा, हयातीचा दाखला फौजी पेन्शनच्या 'स्पर्श' पोर्टलवर भरला का? नोव्हेंबर संपत आलाय.

कोरेगावची_लेक

अरे देवा. विचारते लगेच. आधार लिंक लागतं का?

माजी_सुभेदार

लागतं. अंगठा उमटत नसेल तर चेहरा दाखवून पण होतं. नातू समजावून सांगेल, त्याला मेसेज करा.

कुंदाप्रेमी

काजू कुठल्या गावचे हो काका?