कॅसलिंगऐवजी राजाला एकदा अडीच घरं: हा नियम आणावा का?

धागाकर्ता: बुद्धिबळातलं कॅसलिंग (राजा दोन घरं हत्तीकडे आणि हत्ती त्याला ओलांडून पलीकडे, एकाच चालीत) काढून त्या जागी आपला जुना देशी नियम आणावा, असं मला मनापासून वाटतं. डावात एकदाच, आणि तोवर शह बसलेला नसेल तरच, राजाने घोड्यासारखं अडीच घरं जायचं. बाकी सगळं आजच्यासारखं. क्लासमधली पोरं ओपनिंग म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चाली पाठ करून येतात आणि दोन्ही राजे कोपऱ्यात बसल्यावर विचार करायला लागतात. माजी जगज्जेता क्रामनिकने २०१९ मध्ये कॅसलिंगच बंद करायचं सुचवलं होतं, पण राजाला काहीतरी वाट हवीच. जी-प्यादं एक घर पुढे, राजा ई-१ वरून जी-२ ला (अक्षर म्हणजे उभी रांग, आकडा म्हणजे आडवी), आणि हत्तीला कोपऱ्यातून बाहेर यायला रस्ता.

काळी_मोहरी: अजिबात पटलं नाही. २०२१ ला डॉर्टमुंडमध्ये आनंद आणि क्रामनिक बिनकॅसलिंगचे चार डाव खेळले. पहिला आनंदने जिंकला, पुढचे तिन्ही बरोबरीत. कुठे आला थरार? पाठांतरच नको असेल तर फिशरचं ९६० आहे की १९९६ पासून, मागच्या रांगेतली मोहरी चिठ्ठ्या टाकून मांडायची.

धागाकर्ता: चार डावांवरून निकाल लावू नका, तेही अशा दोन खेळाडूंच्या. ९६० मध्ये ओळखीची मांडणीच जाते. मला मांडणी हवी आहे, फक्त राजाचं काय करायचं हे पटावर बसून ठरावं.

क्लासवाला: मी मुलांना शिकवतो. दोन नियम डोक्यात ठेवायला लावले तर स्पर्धेत घोळ घालतील.

धागाकर्ता: बुद्धिबळपटू मीर सुलतान खान देशी नियमांवरच वाढले. तरी १९२९, १९३२ आणि १९३३ ला ब्रिटिश अजिंक्यपद त्यांचंच.

उंटाची_तिरकी: नियम आवडला, पण पट मांडून पाहा. पांढऱ्याने डी-४, सी-४ केलं. काळ्याने ई-६ करून दुसऱ्याच चालीला उंट बी-४ वर आणला. शह! पांढऱ्याची उडी तिथेच संपली, काळ्याची शाबूत. उलट सिसिलियन ओपनिंगमध्ये (ई-४ ला सी-५ ने उत्तर) काळ्याने डी-६ केलं की पांढरा उंट बी-५ वरून तेच करणार. शिवाय जी-२ वर राजा बसला तर एफ-१ च्या उंटाचं ते घर गेलं, त्याला दुसरीकडून काढावं लागणार.

धागाकर्ता: मुद्दा बिनतोड आहे. मग अट सैल करू: आधी शह बसला तरी हक्क राहील, फक्त शहात असताना उडी मारायची नाही. आजच्या कॅसलिंगलाही असंच आहे ना.

उंटाची_तिरकी: नको, ती अट काढू नका! तिच्यातच मजा आहे. बी-४ चा शह फुकट थोडाच आहे? पांढरा डी-२ वर उंट घालणार, मारामारी झाली की काळ्याचा चांगला, स्वतःच्या प्याद्यांनी न अडलेला उंट गेला. राजाची उडी मोडायला मी उंट देऊ की नको, हा प्रश्न दुसऱ्या चालीला पडतोय. आज पडतो का?

काळी_मोहरी: पांढऱ्याने सी-४ ऐवजी आधी सी-३ केलं की तो प्रश्न मिटला. मग सगळे सी-३ च पाठ करतील.

उंटाची_तिरकी: करू देत. सी-३ ला एक चाल गेली, तेवढ्यात काळ्याने डी-५ करून मधली जागा धरली. मी काळ्याकडून बसतो, तुम्ही सी-३ खेळून दाखवा.