सह्याद्रीवरची एक इंग्रजी कविता: आपली म्हणायची का?

सालपेघाट

दुसऱ्या महायुद्धात पुणे जिल्ह्यातल्या आपल्या नीरेला गोऱ्या फौजेचा तळ होता. तिथं एक वेल्श लेफ्टनंट होता, ॲलन लुइस. जन्म १९१५चा, साऊथ वेल्समधल्या ॲबरडेरजवळच्या कोळसाखाणींच्या खोऱ्यातला. वडील शाळामास्तर. स्वतः इतिहास शिकला आणि शाळेत शिकवायलाही लागला. युद्ध मनाला पटत नसताना १९४०मध्ये फौजेत भरती झाला, १९४२ संपता संपता हिंदुस्थानात आला. फुटबॉल खेळताना जबडा मोडून घेतला आणि पुण्याच्या लष्करी इस्पितळात पडून राहिला. ५ मार्च १९४४ला ब्रह्मदेशात आराकान आघाडीवर वारला. वय २८. दुसरा कवितासंग्रह त्याच्या मागे, १९४५ साली निघाला. त्याला प्रस्तावना इंग्रज कवी रॉबर्ट ग्रेव्ह्जची.

त्या संग्रहात 'द मराठा घाट्स' नावाची कविता आहे. दऱ्या तडकतायत, दमलेली मैदानं डोंगरांच्या लाल मांड्यांत काळे दात रोवतायत, घशात काटे घेऊन शेळ्या जुन्या पायवाटांनी चढतायत. आणि मग ही ओळ, माझ्या भाषेत: 'सावळे शेतकरी पाठीवर सूर्य ओढत नेतात.' शेवटाकडे सवाल-जवाब. रस्त्याच्या माथ्यावर कोण चढतंय? ओझं घेतलेला भिकारी. तारा निखळला तेव्हा कोण ओरडलं? युद्धात हरवलेला, जमीन नसलेला शिपाई. हजार वर्षं फुकट गेली? आणि आता पुढची हजार सुरू?

गोविंदाग्रजांनी 'दगडांच्या देशा' म्हणून ओवाळणी केली. या पोराने ते दगड खरवडणारी माणसं पाहिली. माझं म्हणणं सरळ आहे. सह्याद्रीवरच्या कवितांचं पुस्तक कुणी काढलं, तर हिला त्यात जागा हवी. काय वाटतं?

जिरायती

असहमत. तुम्ही मधलं कडवं सोयीने गाळलंत. तिथं 'छोटे दुष्ट देव' आणि 'दात विचकणारे पुजारी' आहेत. पुढं हेच छोटे देव माणसांच्या हाडांतला मगज चोखतात म्हणे. आमचा म्हसोबा, आमची मरीआई! माझी आजी बांधावरच्या म्हसोबाला नारळ फोडायची. मगज चोखला तो सावकाराने, देवाने नाही. सावकार कवितेत कुठं आहे?

उन्हाळ्यात आलेल्या पाहुण्याने घाट बघितला आणि देश कायमचा करपलेला आहे असं लिहून टाकलं. श्रावणात यायचं होतं. बरं, याची गाजलेली कविता कोणती? 'ऑल डे इट हॅज रेन्ड'. म्हणजे पाऊस हॅम्पशरच्या छावणीत आणि आमच्या वाट्याला धुरळा.

कुहू

'पाऊस हॅम्पशरमध्ये' 😄 हे मात्र जमलंय.

मास्तर

जिरायतीसाहेब, पुजाऱ्यांबद्दल याहून कडक भाषा फुल्यांनी वापरली आहे. 'गुलामगिरी' १८७३ची. तिथं आपण मान डोलावतो, मग लुइसवरच राग का?

आणि हा माणूस 'साहेब' या शब्दात नीट बसत नाही. तो इंग्रज नव्हे, वेल्श. इंग्रजीत लिहायचा एवढंच. ऐन उमेदीची वर्षं मंदीत गेली, खाणी बंद आणि गावंच्या गावं रिकामटेकडी. डोंगर आपला, पण डोंगराच्या पोटातलं आपलं नाही, हे त्याने घराच्या ओट्यावरून पाहिलं होतं. म्हणून 'जमीन नसलेला शिपाई' हा शब्द मला पोकळ वाटत नाही. भिकारी आणि शिपाई यांना त्याने एकाच चढावर, एकाच मापाच्या ओळींत उभं केलंय. राज्यकर्ता स्वतःला भिकाऱ्याच्या पंगतीला बसवत नाही.

जिरायती

मास्तर, फुले माळीवाड्यातून बोलत होते. एका बाजूने सत्यशोधक समाज काढला, दुसऱ्या बाजूने शिव्या घातल्या. घरातल्या माणसाने घराला नावं ठेवणं वेगळं आणि वाटसरूने ठेवणं वेगळं.

सालपेघाट

मग अरुण कोलटकरांचं काय? 'जेजुरी' इंग्रजीतच आहे, १९७६ची. नीरेच्याच रेल्वेमार्गावरचं गाव. देव कुठं संपतो आणि दगड कुठं सुरू होतो हे तिथंही कळत नाही.

जिरायती

कोलटकर थट्टा करतात, पण त्यांना तिथला येशवंतराव देव नावानिशी ठाऊक आहे. लुइसच्या कवितेत एकाही गावठी देवाला नाव नाही, सगळे 'छोटे'. एक शिव आहे, तो पुस्तकातला.

इतिहासवेडी

देवांचं राहू द्या, माझी हरकत वेगळी आहे. कवितेत या भूमीला 'ती' म्हटलंय. ती उठून घाटमाथ्यावर चढेल का, असा प्रश्न आहे आणि उत्तर येतं: नाही, ती हलू शकत नाही. आता साल बघा. लुइस नीरेला होता ते १९४३. पूल ओलांडला की सातारा जिल्हा. त्याच वर्षी त्या जिल्ह्यात नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहत होतं. गावोगाव न्यायनिवाडे, तुफान सेना, भूमिगतांना भाकरी पोचवणाऱ्या बाया. 'ती' हलत नव्हती? ती त्याच्या तंबूपासून एका नदीच्या अंतरावर चालायला लागली होती!

त्याला दिसलं नाही हा त्याचा गुन्हा नाही. वर्दीतल्या परक्याला गाव काय दाखवणार? पण ज्या कवितेचा सगळा भार 'हलू शकत नाही'वर आहे, तिला सह्याद्रीची कविता म्हणून मखरात बसवायला माझी तयारी नाही.

मास्तर

ताई, हा मुद्दा वजनदार आहे. एवढंच म्हणेन की कवितेचा शेवट विधानाने होत नाही, प्रश्नाने होतो. 'हलू शकत नाही' म्हणून तो थांबला नाही. 'आणखी हजार वर्षं सुरू?' असं त्याने विचारलं. उत्तर तुमच्याकडे होतं, त्याच्याकडे नव्हतं.

परदेशस्थ

मी वेल्समध्ये राहतो. इकडे त्याच्याविषयी बोलताना गाडी लगेच मृत्यूवर जाते. सकाळी दाढी-तोंड धुऊन शौचालयाकडे निघाला, डोक्यात गोळी लागलेला सापडला, हातात स्वतःचंच रिव्हॉल्व्हर. लष्कराच्या चौकशीत अपघात ठरला, पुष्कळ लोकांना ते पटत नाही. शिवाय बायको ग्वेनो घरी आणि निलगिरीत कुन्नूरला भेटलेली फ्रेडा ॲक्रॉइड, तो विषय आहेच. तुमच्या धाग्यात पहिल्यांदाच कुणी मातीवरून भांडताना बघतोय, बरं वाटलं.

सालपेघाट

मातीचं निघालंच आहे तर: कवितेत खाली काळं आणि वर लाल आहे, ते हुबेहूब आहे. खाली बेसॉल्ट आणि काळी रानं, वर माथ्यावर जांभ्याची माती. तो तिला 'पिठासारखी बारीक, रक्तासारखी लाल' म्हणतो. महाबळेश्वरच्या अंगाला उन्हाळ्यात चालून या, बुटातून तेच पीठ निघतं. नुसत्या तुच्छतेने बघणाऱ्याला इतकं दिसत नाही.

कुहू

मी दिवसभर नुसती वाचत होते, आता माझं एक. 'मराठा घाट्स' सोडा, त्याची 'करंजे व्हिलेज' वाचा. झाडूवाला सांगतो की करंज्याला सोन्याच्या छपराचं देऊळ आहे, 'गाव'मध्ये. हो, 'गाव' हा शब्द तसाच्या तसा इंग्रजी कवितेत आहे! हा जाऊन बघतो तर डुकरं, गिधाडं, भीक मागणारी उघडी पोरं. नीरेजवळ सोमेश्वराचं करंजे आहे, मला तरी ते तेच वाटतं.

जिरायतीदादा, इथंही माणसांना 'कठोर, भुकेली, प्रेम नसलेली' म्हटलंय, तेव्हा तुम्हाला राग येणारच. पण माळावर दगडांच्या ढिगाऱ्याजवळ दगडाचा एक छोटा विष्णू आहे. तो काही मागत नाही, नुसता 'असतो', आणि याला एकट्याला ये म्हणतो. इथं 'छोटा' हा शब्द शिवीसारखा येत नाही.

आणि शेवटी एक फूल येतं. या उजाड रानात, सरड्यांच्या मधे उमललेली 'अनोळखी पिवळी पॉपी', नाजूक पाकळ्यांची. प्रेमाला तिच्यासारखं थांबावं लागेल, म्हणतो. मी या ओळीवर अडले. माळावर, उन्हात, पिवळी पॉपी? मग ट्यूब पेटली. अहो, हा आपला पिवळा धोतरा! काटेरी पानांचा, पडीक रानात उगवणारा. त्याचं बी मोहरीत मिसळलं तर तेल विषारी होतं. पॉपीच्याच कुळातला आहे.

इतिहासवेडी

कुहू, कमाल. पण बघ, 'अनोळखी' कुणाला? गावातलं शेंबडं पोरसुद्धा नाव सांगेल. शेजारच्या झाडूवाल्याला विचारलं असतं तरी कळलं असतं. माझा मुद्दा हाच तर आहे.

कुहू

मान्य. पण धोतराही मूळचा मेक्सिकोचा, परकाच. आला आणि रुजला. आता त्याला कोण परका म्हणतं?

जिरायती

तणाचं उदाहरण देऊ नका ताई, आम्ही ते उपटतो. हात सोलवटतात.

सालपेघाट

मी माझी मागणी थोडी बदलतो. पुस्तक निघालंच तर 'करंजे व्हिलेज' घ्या. 'मराठा घाट्स' तिच्या शेजारी, आणि त्याच पानावर इतिहासवेडी यांची तळटीप प्रतिसरकारावर. चालेल?

इतिहासवेडी

तळटीप नको, समोरचं अख्खं पान द्या. मग चालेल.

जिरायती

धोतऱ्याचं फूल जमिनीपासून वीत-दोन वीत वर असतं. पाकळीचा नाजूकपणा दिसायला उकिडवं बसावं लागतं. लेफ्टनंट करंज्याच्या माळावर उकिडवा बसला असणार, एवढं मी कबूल करतो. म्हसोबाबद्दल माघार नाही.