शेतातल्या खापरांवरून जुनं गाव कळतं का? (कराड-वाळवा पट्टा)

कृष्णाकाठ:
आमच्याकडं वळीव पडून गेला की नांगरटीत खापरं धुऊन वर येतात. शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, काचेचे मणी, कधी अकीकाची बारीक पाती. कराडचं जुनं नाव, करहकट, मध्य प्रदेशातल्या भारहुतच्या बौद्ध स्तूपावरच्या दानलेखांत आहे. एवढा जुना हा मुलूख, आणि आपण नाणं दिसलं की धावतो, खापर मात्र बांधावर फेकतो. माझं ठाम मत: उत्खननाआधी, आणि बहुतेक ठिकाणी उत्खननाऐवजी, शेताचे चौकोन पाडून वर दिसेल ते सगळं मोजा. लोखंडाचं कीट कुठं, मणी कुठं, रांजणाची खापरं कुठं, यावरून भट्टी आणि घरं वेगळी ओळखता येतात.

मातीचा_थर:
पटलं नाही. पांढरीची, म्हणजे जुन्या गावठाणाची, माती पिढ्यान्‌पिढ्या खत म्हणून गाड्या भरभरून शेतात गेली, तिच्याबरोबर खापरंही. तुमची दाटी वस्तीची की खताची? काळं रान उन्हाळ्यात भेगाळतं, वरचं खाली जातं. रोटाव्हेटर उरलंसुरलं कालवतो. आणि नदीकाठी 2019 सारखे पूर शतकानुशतकं गाळ टाकत आलेत. त्याखाली गेलेली वस्ती एक खापरही वर दाखवणार नाही, आणि तुम्ही ‘इथं काही नव्हतं’ असं लिहाल. सातवाहनांच्या थराखाली त्याहून जुन्या, ताम्रपाषाण काळातल्या जोर्वे संस्कृतीचा थर आहे का, हे खड्डा घेतल्याशिवाय कळत नाही.

कृष्णाकाठ:
खतातून आलेली खापरं बहुधा बारीक, कडा झिजलेली, रानभर विरळ पसरलेली. जागेवरची मोठी, धारदार कडांची, सोबत राख, हाडं, भाजलेल्या मातीचे गोळे. म्हणूनच आकार आणि वजन लिहायचं. चार्ल्स रेडमन आणि पॅटी जो वॉटसन या पुरातत्त्वज्ञांनी आग्नेय तुर्कस्तानातल्या दोन ठिकाणी आधी चौकोनवार वेचणी केली, मग खणून ताडून पाहिलं. वस्तू वर कुठं विखुरल्यात आणि खाली कुठं आहेत याचा संबंध लागतो, हे त्यांनी 1970 मध्ये मांडलं. गाळाच्या रानात ओढ्याच्या दरडी बघायच्या.

मातीचा_थर:
आपल्याकडं पांढरीची टेकाडंच कापून नेलीत. तिथला संबंध इथं जसाच्या तसा लागू होणार नाही. एक तरी चाचणी-खड्डा हवाच.

बांधावरची:
दादा, वर की खाली हा वाद तुमचा, रान आमचं आहे. नोंद झाली की जमीन जाईल, ही भीती गावात खरी आहे. म्हणून माणसं सापडलेलं गुपचूप ओढ्यात टाकतात.

कृष्णाकाठ:
ताई, नुसत्या नोंदीनं जमीन जात नाही. प्राचीन स्मारकांच्या 1958 च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे एखादी जागा संरक्षित जाहीर करायच्या आधी अधिसूचना काढून हरकतींसाठी दोन महिने द्यावे लागतात.

बांधावरची:
मग खोडवा निघाल्यावर, सऱ्या पाडायच्या आत या. मोजा, फोटो काढा, पण पिशव्या भरून न्यायचं नाही. मागं कुणीतरी नेलेलं आम्हाला परत बघायलाही मिळालं नाही. आणि कागदाची एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवा.

मातीचा_थर:
ही अट रास्त आहे. ताई, विहिरीची कड तेवढी खरवडू द्याल का? फक्त थर बघायचेत.