मदत हवी आहे: मेंदूत एव्हीएम (रक्तवाहिन्यांचा गुंता) आणि सोबत अ‍ॅन्युरिझम (धमनीला आलेला फुगा), आधी उपचार कशावर?

नमस्कार मंडळी, चोपड्याहून लिहितोय. लहान भाऊ, वय 31, केळीच्या वावरात पाणी भरता भरता एकदम डोकं धरून बसला, उलट्या सुरू झाल्या, डावा हात उचलेना, जळगावला सीटी केला तर मेंदूत रक्तस्राव. आता शुद्धीवर आहे, बोलतो, हातात थोडी ताकद आलीय. नाशिकला डीएसए अँजिओग्राफी (नळीतून औषध सोडून रक्तवाहिन्यांचे फोटो) केली त्यात उजव्या बाजूला साडेतीन सेंटीमीटरचा एव्हीएम निघाला, ग्रेड 3 (ऑपरेशनच्या जोखमीच्या 1 ते 5 पायऱ्यांत मधला). धमनी आणि शिरेच्या मधे ज्या बारीक केशवाहिन्या असतात त्याच तिथे नाहीत, म्हणून धमनीचं प्रेशर थेट शिरेत जातं, इथपर्यंत समजलं. पण रिपोर्टमधे दोन अ‍ॅन्युरिझम पण लिहिलेत, एक रक्त पुरवणाऱ्या धमनीवर आणि एक त्या गुंत्याच्या आतच.

एक डॉक्टर म्हणतात डायरेक्ट गॅमा नाइफ (बाहेरून किरणांचा मारा) करा, डोकं उघडायचं काम नाही. माय तर तेच धरून बसलीय. दुसरे म्हणतात गॅमाने एव्हीएम बंद व्हायला 2-3 वर्षं लागतात, तोवर फुटायची भीती तशीच राहते, म्हणून आधी अ‍ॅन्युरिझम बंद करा. मला दुसऱ्यांचं जास्त पटतंय पण घरच्यांना कसं समजावू? कोणाच्या घरात असं झालंय का? महात्मा फुले योजनेत हे बसतं का?

---

भाऊ, मी भुसावळची. मिस्टरांना हेच होतं. डॉक्टरांना एकच विचारा, रक्त नेमकं कुठून आलं? सीटीतलं रक्त आणि डीएसएतला अ‍ॅन्युरिझम एकाच जागी असेल तर तो आधी बंद करतात. आमचा गुंत्याच्या आतला होता, तो मांडीतून नळी टाकून ग्लूने (रक्तवाहिनीत भरायचा चिकट पदार्थ) बंद केला, डोकं उघडलं नाही हे मायला नक्की सांगा, उरलेल्याला मग गॅमा दिला. धमनीवरचा गुंत्याच्या जवळ असेल तर एव्हीएम बंद झाल्यावर कधी कधी आपोआप लहान होतो, लांब मोठ्या धमनीवर असेल तर त्याला बहुतेक कॉइल (फुग्यात भरायची बारीक तार) किंवा क्लिप (डोकं उघडून लावायचा चिमटा) लागते. योजनेचं हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला (योजनेचा मदतनीस) विचारा, अ‍ॅडमिट व्हायच्या आधीच. आणि मुंबईला दाखवायला जाल तर डीएसएची सीडी न्या, नुसत्या कागदावर कोणी नीट सांगत नाही.

---

ताई खूप आधार वाटला. सीडी उद्याच मागतो. ग्लूनंतर मिस्टरांच्या हातापायावर काही परिणाम झाला का, आणि फिटच्या गोळ्या अजून चालू आहेत का?