सल्ला हवा: एमएस्सी प्रोजेक्टसाठी ‘ॲक्टिव्ह मॅटर’, कोल्हापुरात राहून काय जमेल?

सायबरचौकवाला:
नमस्कार मंडळी. विद्यापीठात एमएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. स्वतःच ऊर्जा खर्चून पळणारे कण हा विषय प्रोजेक्टला घ्यायचाय. हिवाळ्यात ज्वारीवर भोरड्या उतरतात, हजारोंचा थवा एकदम वळतो आणि त्यात म्होरक्या कोणीच नसतो, तिथून हे डोक्यात शिरलं. आमच्याकडं बहुतेकजण थिन फिल्म (पदार्थांचे पातळ थर) करतात, त्यामुळं या विषयातलं विचारायला जवळ कोणी नाही. पायथन येतं. खर्च दोन-तीन हजारांच्या आत बसायला हवा. २०१३ चा रिव्ह्यूज ऑफ मॉडर्न फिजिक्समधला मोठा लेख उघडला आणि तिसऱ्या पानावर गार झालो. सुरुवात कुठून करू?

धुकेरी:
तो लेख सध्या मिटून ठेव. आधी पर्सेल या भौतिकशास्त्रज्ञाचं १९७७ चं कमी रेनॉल्ड्स संख्येवरचं (म्हणजे जिथं जडत्व नगण्य आणि पाण्याचा चिकटपणाच सगळं ठरवतो, अशा हालचालीवरचं) व्याख्यान वाच, समीकरणं फारशी नाहीत. पोहणाऱ्या जिवाणूनं शेपूट हलवायची थांबवली, तर तो जेमतेम ०.१ आंगस्ट्रॉम सरकून थांबतो. म्हणजे अणूच्या व्यासापेक्षाही कमी! एवढं एकदा पचलं की पुढचं सोपं जातं.

मग विचेक आणि सहकाऱ्यांचं १९९५ चं मॉडेल. प्रत्येक कणाचा वेग ठरलेला. ठरावीक त्रिज्येतल्या शेजाऱ्यांच्या दिशांची सरासरी घ्यायची, दिशेत थोडा आपोआपचा गोंधळ मिसळायचा, पुढं सरकायचं. गोंधळ कमी केला की सगळे एका दिशेनं निघतात. हे द्विमितीत घडतं, गंमत इथंच आहे. समतोलातल्या चुंबकांच्या अशाच मॉडेलमध्ये दोन मितींत लांबवरची शिस्त टिकत नाही, इथं टिकते. का टिकते, ते टोनर आणि तू यांनी त्याच वर्षी दाखवलं.

कोड लिहिताना कोनांची थेट सरासरी घेऊ नकोस. ३५० आणि १० अंशांची सरासरी १८० येईल आणि कण उलटा पळेल. साइन-कोसाइनची सरासरी काढून आर्कटॅन घे. शेजारी शोधायला पायथनच्या सायपायमधलं केडीट्री (जवळचे बिंदू झटकन शोधणारी रचना) वापर, त्यात आवर्ती सीमेची, म्हणजे एका काठातून गेलेला कण समोरच्या काठातून आत येण्याची, सोय आहे.

उद्यमनगरकर:
सिम्युलेशन सगळेच करत्यात गड्या. कापूर घे की! अंबाबाईच्या देवळापाशी पाहिजे तेवढा मिळतोय. वडीचे बारके तुकडे स्वच्छ पाण्यावर सोड, आपोआप पळाय लागतात. कापूर विरघळला की तिथला पृष्ठताण कमी होतो, आणि जिकडं ताण जास्त तिकडं तुकडा ओढला जातो. साबणानंबी पळतं, पण साबण पाण्यावरच राहतो, मग खेळ लगेच संपतो. कापूर हवेत उडून जातो, म्हणून पळणं लांबतं.

एक सांगतो, बोटाचं तेल लागू देऊ नको. चिमट्यानंच उचल. पाण्यावर साधारण दोन नॅनोमीटर जाडीचा तेलाचा थर आला तरी कापूर ठप्प होतो. रॅले या इंग्रज शास्त्रज्ञानं १८९० साली हेच मोजलं होतं.

सायबरचौकवाला:
दादा, हे तर लई भारी! पण यातून मोजायचं काय? नुसतं पळतंय म्हणून परीक्षक गुण देणार नाहीत.

उद्यमनगरकर:
मोबाइल स्टँडला लाव, वरनं व्हिडिओ घे, ट्रॅकर सॉफ्टवेअर फुकट हाय. प्रत्येक क्षणाची जागा काढ आणि सरासरी वर्ग-विस्थापनाचा, म्हणजे तुकडा किती लांब गेला त्याच्या वर्गाच्या सरासरीचा, वेळेसोबतचा आलेख काढ. सुरुवातीला वेळेच्या वर्गानं वाढेल, दिशा विसरल्यावर वेळेच्या प्रमाणात. आलेखातलं ते वळण कुठं येतंय, त्यातनं दिशा किती वेळ टिकते ते कळतं.

धुकेरी:
यात दोन गोष्टी जोडते. कापराचा तुकडा मिलिमीटरचा, त्यामुळं जडत्व आलंच. अहवालात ‘जिवाणूचं मॉडेल’ असं लिहिलंस तर तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न त्यावरच येईल. दुसरं, ट्रे लहान असला तर तुकडे काठाकडून माघारी फिरतात आणि आलेखातलं वळण काठामुळं आलं की दिशा विसरल्यामुळं हे सांगता येत नाही.

कळंब्याकडचा:
थोडा वेगळा सूर लावतो. मी कॉलेजात शिकवतो, असे अहवाल तपासतो. विचेक मॉडेल करणारी मुलं तीनशे कण घेतात आणि क्रांतिक घातांक (संक्रमणाजवळ शिस्त कोणत्या घातानं बदलते तो आकडा) छापून मोकळी होतात. ग्रेगोआर आणि शाते यांनी २००४ मध्ये दाखवलं की, प्रणाली पुरेशी मोठी घेतली तर गोंधळाकडून शिस्तीकडं जाणारं ते संक्रमण सलग नसून एकदम उडी मारणारं निघतं, आणि दाट पट्टे धावताना दिसतात. लहान पेटीत हे लपून राहतं. तेव्हा घातांकाचा मोह सोडा, पेटीचा आकार बदलत जा आणि चित्र कसं पालटतं तेवढंच मांडा. मला तरी तोच अहवाल जास्त प्रामाणिक वाटेल.

धुकेरी:
सरांशी सहमत. आणि भारतात हा विषय परका नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले श्रीराम रामस्वामी यातले मोठे नाव, त्यांचा २०१० चा आढावा २०१३ च्या लेखाआधी वाच, त्या लेखाच्या लेखकांतही ते आहेत. २००७ मध्ये नारायण, रामस्वामी आणि मेनन यांनी तांब्याच्या तारेचे तुकडे थरथरत्या पृष्ठभागावर ठेवून संख्येतले प्रचंड चढउतार मोजले. एरवी सरासरी N कण असतील तिथं चढउतार N च्या वर्गमुळाइतका असतो. इथं त्याहून कितीतरी वेगानं वाढतो. बंगळूरच्याच आयसीटीएस या संशोधन संस्थेची व्याख्यानं यूट्यूबवर आहेत.

उद्यमनगरकर:
तारेचं करायचं असलं तर ॲल्युमिनियमची प्लेट फेस करून (वरचं तोंड सपाट करून) आमच्याकडं कुठल्याबी लेथवर मिळेल. खाली मोठा स्पीकर लाव. फक्त प्लेट लेव्हलात पाहिजे, नाहीतर सगळे तुकडे एका बाजूला गोळा होतील.

सायबरचौकवाला:
ताई, दादा, सर, आभारी आहे. तारेचं पुढं बघू. कापूर आणि विचेक दोन्ही घेतो, घातांक काढत नाही. गाईडांना उद्या दाखवतो. ट्रे स्टीलचा घेऊ की काचेचा?

उद्यमनगरकर:
काचेचा. खाली काळा कागद घाल, पांढरा कापूर ट्रॅकरला लगेच सापडतो.